माझी बॅच जॉइन करण्याआधी हा हिशोब वाचा



प्रत्येक व्हिडिओखाली एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, आधी कोर्स करू की आधी लोन काढू?" कोणी मुद्राबद्दल विचारतं, कोणी पीएमईजीपीबद्दल. परवा एका ताईंनी तर फोनवर मला घेरलंच. "सर, तुम्ही शिकवता ते ठीक आहे, पण शिकल्यानं धंदा किती वाढते, आकडा सांगा ना."

मी गोल गोल उत्तर दिलं. आत्मविश्वास वाढतो, दिशा मिळते, नेटवर्क होतं वगैरे. त्यात खोटं काही नव्हतं, पण ताईंनी आकडा मागितला होता आणि तो मी दिला नाही. रात्री मलाच ते टोचलं. रोज तुम्हाला सांगतो की हिशोबाशिवाय बोलू नका, आणि स्वतःच्या मालाचा हिशोब विचारला की गप्प.

आकडा आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अर्थतज्ज्ञांनी छोट्या धंद्यांवर बरंच संशोधन केलंय, आणि त्यातलं एक मोठं काम आपल्या महाराष्ट्रात झालंय. आज तेच सांगतो. आमच्या ट्रेनर मंडळींना हे फार आवडणार नाही. पण तुम्ही दहा-पंधरा हजार रुपये खिशातून काढणार असाल, तर तुम्हाला माहीत असायला पाहिजे.

५ ते १० टक्के

डेव्हिड मॅकेन्झी नावाचे जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ आहेत. छोट्या व्यावसायिकांना ट्रेनिंग दिल्यावर खरंच काय होतं, यावर आपल्यासारख्या देशांत झालेले नीट अभ्यास त्यांनी एकत्र केले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला. "नीट अभ्यास" म्हणजे कसे? ज्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्यांना ट्रेनिंग दिलं, निम्म्यांना दिलं नाही आणि नंतर दोन्ही गट तपासले, असे.

चिठ्ठ्या कशाला? कारण जो माणूस आपणहून कोर्सला येतो, तो मुळातच धडपड्या असतो. कोर्स नसता केला तरी तो वाढलाच असता. माझ्या बॅनरवर तुम्ही ज्या यशस्वी पोरांचे फोटो पाहता ना, त्यांच्याबाबत हाच घोळ आहे. त्यातले किती माझ्यामुळे वाढले आणि किती स्वतःच्या दमावर, हे मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तर सगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज अशी: ट्रेनिंगनं विक्री सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास वाढते आणि नफा १० टक्क्यांच्या आसपास. बस. दुप्पट नाही, दहापट नाही, "नव्वद दिवसांत लखपती" तर मुळीच नाही.

आता हा आकडा लहान आहे का? मांडून बघू. महिन्याला २०,००० रुपये सुटत असतील, तर १० टक्के म्हणजे २,००० रुपये. कोर्सची फी १५,००० असेल तर साडेसात महिन्यांत वसूल, त्यापुढचं सगळं तुमचं. वाईट सौदा नाही. पण धंदा अजून सुरूच झाला नसेल, तर शून्याचे १० टक्के शून्य. आणि फी ६०,००० असेल, तर वसुलीलाच अडीच वर्षं. तीही, शिकलेलं अडीच वर्षं न चुकता वापरलं तरच.

शिवाय ही सरासरी आहे. कोणाचा नफा बराच वाढतो, कोणाचा तसूभरही हलत नाही.

"वापरलं तरच" या दोन शब्दांत खरी मेख आहे. ती समजायला तारापूरला जावं लागेल.

तारापूरच्या कापड गिरण्या

मुंबईच्या उत्तरेला तारापूरची एमआयडीसी. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघरमध्ये. तिथून वर गुजरातच्या हद्दीत गेलं की उंबरगाव. या पट्ट्यात सुती कापड विणणारे कारखाने आहेत. २००८ मध्ये निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी (हेच ते) आणि जॉन रॉबर्ट्स यांनी तिथे एक प्रयोग सुरू केला. १७ कंपन्या, त्यांचे मिळून २८ कारखाने. सरासरी एका कंपनीत २७० च्या आसपास कामगार. सगळ्या घरच्या कंपन्या. बाप, मुलगा, काका, पुतण्या असा कारभार.

एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपनीचे सल्लागार या कारखान्यांत पाठवले. मालकांना एक पैसा द्यायचा नव्हता. तरी ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी नकार दिला. फुकट म्हणजे काहीतरी गडबड असणार, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

जे तयार झाले त्यांचे दोन गट केले. दोन्हीकडे पहिला एक महिना सल्लागारांनी फक्त पाहणी केली आणि काय चुकतंय ते सांगितलं. त्यानंतर एका गटाला तिथेच सोडलं. दुसऱ्या गटात सल्लागार आणखी चार महिने राहिले आणि ज्या गोष्टी सांगितल्या त्या रोज उभं राहून करून घेतल्या.

आत काय दिसलं? स्टोअरमध्ये सुताचे ढीग, त्यावर ना लेबल ना नोंद. कोणत्या शेडचं सूत किती आहे हे कोणालाच नक्की माहीत नाही, म्हणून असलेलंच सूत पुन्हा विकत आणायचं आणि जुनं ओलाव्यानं खराब होऊ द्यायचं. सुटे भाग कुठेही पडलेले. माग बंद पडला की मिस्त्री शोधा, मग पार्ट शोधा. कापडात दोष इतके की ते शोधून दुरुस्त करण्यातच कामगारांचा मोठा हिस्सा गुंतलेला. आणि कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कोणता दोष जास्त येतो, याची वही नाही.

सल्लागारांनी एकूण ३८ गोष्टींची यादी धरली होती. त्यात रॉकेट सायन्स काही नव्हतं. दोष रोज लिहा. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्या उभ्या मीटिंग घ्या आणि कालचे आकडे बघा. सुताला लेबल लावा. मशीन बंद पडायची वाट न बघता ठरल्या दिवशी तेलपाणी करा. कोणाचं काम काय ते लिहून भिंतीवर लावा. तुमच्या आजीनं स्वयंपाकघर चालवलं त्यापेक्षा वेगळं यात काय आहे सांगा.

पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष घटले, पडून राहणारा माल घटला. तीन वर्षांच्या आत या कंपन्या आणखी कारखाने उघडू लागल्या.

आणि ज्यांना फक्त महिनाभर पाहणी करून "हे हे चुकतंय" असं सांगून सोडलं होतं? त्यांच्यात फरक पडला, पण अगदी थोडा.

म्हणजे तोच सल्ला, तेच सल्लागार, तसेच कारखाने. फरक पडला तो शेजारी उभं राहून करून घेण्यानं. आता माझे व्हिडिओ, माझ्या दोन दिवसांच्या बॅच, इतर कोणाचे वेबिनार, हे सगळं कोणत्या गटात बसतं ते तुम्हीच ठरवा. मला उत्तर माहीत आहे आणि ते मला सोयीचं नाही.

"आमची क्वालिटी तर चांगलीच आहे"

या अभ्यासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. संशोधकांनी मालकांना विचारलं, की दोषांची नोंद ठेवणं इतकं सोपं आणि स्वस्त काम, तुम्ही आजवर का केलं नाही? पैसे नाहीत, माणसं नाहीत, अशी उत्तरं फार आली नाहीत. बऱ्याच मालकांचं म्हणणं होतं, की आमची क्वालिटी चांगलीच आहे, आजूबाजूच्यांपेक्षा वाईट नाही, मग लिहायचं कशाला?

लिहीत नाही म्हणून चांगली वाटते, आणि चांगली वाटते म्हणून लिहीत नाही. या गोल चक्रात माणूस वीस-वीस वर्षं फिरतो.

तुम्ही म्हणाल, सर, ते २७० कामगारांचे कारखाने, आमचा गोकुळपेठेत एक गाळा. बरोबर आहे, तारापूरचा १७ चा आकडा उचलून तुमच्या टपरीला लावता येणार नाही. तिथल्या सल्लागारांची बाजारभावानं फी आपण स्वप्नातही देऊ शकत नाही. पण चक्र तेच आहे. माझ्याच एका बॅचमधलं सांगतो.

एक ताई ब्लाउज शिवतात. मदतीला एक मुलगी. महिन्याला साधारण १२० ब्लाउज, शिलाई ३५० रुपये, म्हणजे ४२,००० चा धंदा. भाडं, अस्तर, दोरा, मुलीचा पगार जाऊन २०,००० च्या आसपास हातात. मी विचारलं, अल्टरला किती परत येतात? त्या म्हणाल्या, "दोन-तीन येत असतील महिन्यातून. माझं फिटिंग चांगलं आहे सर, सगळ्या बायका म्हणतात."

म्हटलं, महिनाभर फक्त लिहा. परत आलेला ब्लाउज, तारीख, काय चुकलं, किती वेळ गेला. महिन्यानं वही आणली. १८ ब्लाउज परत आले होते. प्रत्येकाला सरासरी ४० मिनिटं, म्हणजे १२ तास. एक ब्लाउज शिवायला दोन तास लागतात असं धरलं, तर सहा ब्लाउज गेले. २,१०० रुपये. धंद्याच्या ५ टक्के आणि हातात येणाऱ्या पैशाच्या १० टक्क्यांहून थोडे जास्त.

ताईंना धक्का बसला. मला जास्त मजा पुढच्या रकान्यात वाटली. १८ पैकी ११ ब्लाउज मापाच्या जुन्या ब्लाउजवरून शिवलेले होते. बाई घाईत असते, पिशवीतून एक जुना ब्लाउज काढून देते, "याच्यावरूनच शिवा" म्हणते आणि पळते. तो जुना ब्लाउज धुऊन धुऊन कुठे आटलेला, कुठे ढिला झालेला, आणि मधल्या दोन वर्षांत बाई तरी कुठे तेवढीच राहिली? ताईंनी नियम केला: अस्तराचा ब्लाउज असेल तर अंगावरूनच माप, नाहीतर ऑर्डर नाही. पुढच्या महिन्यात सात परत आले.

या सगळ्यात खर्च एका वहीचा. आणि नियम मी नाही सांगितला हो. मला शिवणातलं शून्य कळतं. वहीत दिसलं आणि ताईंनीच ठरवलं.

हे एका ताईचंच नाही. केनियातल्या छोट्या दुकानदारांवर २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो वाचताना तर मला आपला महाल आठवला. विषय काय, तर चिल्लर! सुट्टे पैसे नाहीत म्हणून गिऱ्हाईक परत जातं, हे आठवड्यातून एकदा तरी निम्म्याहून जास्त दुकानांत घडत होतं. संशोधकांनी अंदाज काढला, की सरासरी दुकानदाराचा ५ ते ८ टक्के नफा केवळ सुट्टे नसल्यामुळे जातो. आणि उपाय? त्यांनी दुकानदारांकडे जाऊन नुसतं विचारायला सुरुवात केली, की या आठवड्यात सुट्ट्यांपायी किती गिऱ्हाईकं परत गेली? एवढ्या विचारण्यानंच दुकानदार जास्त सुट्टे ठेवायला लागले आणि बुडणारी विक्री कमी झाली. कोणी त्यांना पैसे दिले नाहीत, शिकवलं नाही. लक्ष वेधलं फक्त.

यूपीआय आल्यापासून आपल्याकडे चिल्लरचं दुखणं बरंच कमी झालंय. पण "सर्व्हर डाऊन आहे, कॅश द्या ना" म्हटल्यावर तर्री पोह्याची प्लेट ठेवून निघून जाणारं गिऱ्हाईक मोजलंय कोणी? "छोटा साइज संपलाय ताई, उद्या येते" म्हणून परत पाठवलेल्या बायका? होत्या त्या विक्रीचा हिशोब एकवेळ आपण ठेवतो, हुकलेल्या विक्रीचा कोणीच ठेवत नाही.

नऊ वर्षांनी परत गेल्यावर

आता तारापूरचा दुसरा अंक. २०१७ मध्ये संशोधक पुन्हा त्याच कारखान्यांत गेले. बसवून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. तरीही हे कारखाने ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा बरेच पुढे होते, हे खरं. पण निम्म्या गेल्या.

का गेल्या? दोन कारणं सगळ्यात जास्त आली. एक, ज्या मॅनेजरला शिकवलं तोच सोडून गेला. दोन, मालकाला वेळ नाही.

आमच्या ब्लाउजवाल्या ताईंचंही तेच झालं बरं का. चार महिने वही चालली. मग लग्नसराई आली, रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत काम, वही राहिली ती राहिलीच. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता समजलं ना सर मला, कशाला लिहू?" समजलं आहे हे खरं. पण आज किती परत येतात ते पुन्हा त्यांना माहीत नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट. एकाच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत या पद्धती आपोआप पसरल्या, पण शेजारच्या दुसऱ्या कंपनीत जवळजवळ पोहोचल्याच नाहीत. भिंतीला भिंत लागून असली तरी. त्यामुळे "बाजारात बसलो की बाजार शिकवते" यावर फार विसंबू नका. भाव काय चाललाय ते बाजार शिकवेल. शेजारचा वही कशी ठेवतो, हे तो तुम्हाला दाखवणार नाही.

आणि घरच्या माणसांचा मुद्दा. तारापुरात कंपनी किती मोठी होणार, हे ती किती चांगली चालते यापेक्षा मालकाच्या घरात कारभार बघणारे पुरुष किती, यावर जास्त ठरत होतं. बाहेरच्या माणसावर भरवसा नाही. त्याने माल पळवला तर कोर्टात वर्षानुवर्षं जातील, म्हणून भाऊ किंवा मुलगा असेल तरच दुसरा कारखाना. मुलींना तर गणतीतच धरलं नव्हतं. इतवारीत जुन्या दुकानदाराला विचारून बघा, की भाऊ, इतकं चांगलं चाललंय, धरमपेठेत शाखा का नाही काढत? उत्तर येईल, "पोरगं लहान आहे ना अजून." मला वाटतं यातून सुटायचा रस्ता पुन्हा वहीतूनच जातो. रोजचा माल किती आला, किती गेला, किती उरला हे कागदावर असेल, तर गल्ल्यावर सख्खा भाऊच बसला पाहिजे असं राहत नाही. लिहिलेलं नसेल तर सख्ख्या भावावरही संशय येतोच, आणि मग काय होतं ते नागपुरात वेगळं सांगायला नको.

मग लोनचं काय?

लोनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळा व्हिडिओ करायचाय.

हैदराबादमध्ये अभिजीत बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १०४ वस्त्या घेतल्या. निम्म्यांत मायक्रोफायनान्स कंपनीची शाखा आधी उघडली, निम्म्यांत नाही. (बॅनर्जी आणि दुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत नोबेल मिळालं. बॅनर्जींच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, म्हणजे आपलं थोडंसं नातं निघतंच.) दिसलं काय? कर्ज मिळाल्यावर लोकांनी धंद्यात पैसे टाकले, वस्तू घेतल्या. पण साधारण छोट्या धंद्याचा नफा काही वाढला नाही. ज्यांचा धंदा आधीपासूनच चांगला कमावत होता, अशा वरच्या मोजक्यांना फायदा झाला.

मला त्याचा अर्थ असा दिसतो: भांडं गळत असेल तर जास्त पाणी ओतून भरत नाही. ब्लाउजवाल्या ताईंनी ५०,००० चं शिशु लोन काढून आणखी एक मशीन घेतली असती, तर १८ च्या जागी २७ ब्लाउज परत आले असते आणि वर हप्ता. हे माझं मत आहे, संशोधकांचं नाही. पण लोन काढायच्या आधी तीन महिन्यांची वही दाखवा, हे मी आता बॅचमध्ये आग्रहानं म्हणतो.

कोलकात्यातला एक अभ्यास मात्र लोन घेणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावा. एका गटाला नेहमीप्रमाणे कर्ज मिळाल्याबरोबर हप्ते सुरू झाले, दुसऱ्याला दोन महिन्यांची सवलत दिली. सवलतवाल्यांनी धंद्यात जास्त पैसे लावले आणि पुढे त्यांचा नफा जास्त झाला. साहजिक आहे. पंधरा दिवसांत हप्ता भरायचा असेल तर माणूस मशीन घेत नाही, लगेच विकला जाईल असा माल भरतो. पण त्याच गटात कर्ज बुडण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणून बँक मॅनेजर मोरॅटोरियमला का-कू करतो तेव्हा तो दुष्ट नसतो, त्याच्याकडेही वही असते. तरी मशीनसाठी लोन घेत असाल तर मोरॅटोरियम मागा, तोंडी नाही, अर्जात. उत्पादन सुरू व्हायला किती आठवडे लागतील ते प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहा. फार तर नाही म्हणतील.

कोणतं ट्रेनिंग चालतं

सगळी ट्रेनिंग सारखी नसतात, हेही अभ्यासांत दिसतं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर अकाउंटिंग शिकवलं. दुसऱ्याला फक्त साधे नियम दिले: घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या ड्रॉवरमध्ये, एकातून दुसऱ्यात घेतलं तर चिठ्ठी ठेवायची, स्वतःला ठरावीक पगार. अकाउंटिंगवाल्यांत विशेष फरक पडला नाही, ड्रॉवरवाल्यांत पडला. हे वाचल्यावर मी माझ्या बॅचमधली ताळेबंदाची अडीच तासांची पीपीटी काढून टाकली. बनवायला आठवडा गेला होता, जीव तुटला, पण काढली.

अहमदाबादेत सेवा बँकेच्या महिलांना दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. काहींना एकटीनं बोलावलं, काहींना मैत्रिणीला घेऊन या म्हटलं. मैत्रिणीसोबत आलेल्यांच्या घरचं उत्पन्न पुढे वाढलेलं दिसलं, एकट्या आलेल्यांत तसं काही नाही.

टोगोमध्ये तर १,५०० व्यावसायिकांवर प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या बिझनेस ट्रेनिंगपेक्षा स्वतः पुढाकार घ्यायला लावणाऱ्या ट्रेनिंगचा परिणाम जास्त, नफा ३० टक्क्यांनी वर. हा आकडा दाखवून आता माइंडसेटचे कोर्स विकणारे येतील, म्हणून आधीच सांगतो: ते टाळ्या वाजवायला लावणारं भाषण नव्हतं. चार आठवडे वर्ग, आणि नंतर चार महिने ट्रेनर दर महिन्याला दुकानावर जात होता.

पुन्हा तेच, दुकानावर जाणं. आपल्या सरकारी योजनांशी माझं भांडण इथेच आहे. पीएमईजीपीत अनुदानासाठी ईडीपी ट्रेनिंग लागतं, सर्टिफिकेट जोडावं लागतं. चांगलं आहे. अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत लॉक राहते, तेही समजू शकतो. पण सगळा जोर युनिट जागेवर आहे की नाही, यावर. धंदा सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात, नवव्या महिन्यात कोणीतरी येऊन "वही दाखवा, काय अडलंय" असं विचारलं पाहिजे. वर्गातले काही तास कमी करून तेच तास दुकानावर दिले तर खर्च फार वाढणार नाही. आणि सरकारला बोलतोय तर स्वतःलाही बोललं पाहिजे. माझीही बॅच दोन दिवसांत, फोटो काढून, सर्टिफिकेट देऊन संपतच होती की.

तर पुढच्या बॅचपासून बदल असा. दोन दिवसांऐवजी एकच दिवस वर्ग. उरलेल्या दिवसाच्या वेळेत पहिल्या आणि चौथ्या महिन्यात मी तुमच्या दुकानावर येणार. त्यामुळे सध्या फक्त नागपूर शहर आणि हिंगणा, बुटीबोरीपर्यंत. बाकीच्यांसाठी व्हिडिओ कॉल, पण कॅमेरा वहीवर पाहिजे, चेहऱ्यावर नाही. दोघं मिळून आलात तर दुसऱ्याची निम्मी फी. आणि फॉर्मसोबत एक पान जोडायचं: मागच्या ३० दिवसांत तुमच्याकडून गिऱ्हाईक कितीदा परत गेलं किंवा माल कितीदा परत आला, तारीख आणि कारण लिहून. धंदा अजून सुरू केला नसेल तर ज्या धंद्यात उतरायचंय त्या प्रकारच्या दुकानासमोर तीन संध्याकाळी बसा आणि रिकाम्या हातानं बाहेर पडणारी माणसं मोजा.

फोन केलेल्या त्या ताईंना मी हे सगळं कळवलं. त्यांचा मसाल्याचा धंदा आहे. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो आला, सात ओळी लिहिलेल्या. त्यातल्या चार ओळींत एकच कारण: "पाव किलोचं पाकीट नव्हतं."